पल्ला

बाबांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना
त्यांच्या मागे माझ्या नावावर आला.
विशांत म्हणाला, तुला कशाला, मी घेतो.
पण तो वेर्ण्याच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
आणि रताळी उकरणारी डुकरं
त्याची सुट्टी बघून येत नाहीत.

मडगावच्या दुकानात आंजेलबाबनं
आधी विशांतलाच खुर्ची दिली.
मग परवान्यावरचं नाव वाचलं,
चष्मा कपाळावर सरकवला, मला विचारलं,
"किती लांबचं मारायचं, बाय?"

मी मोजून गेले होते.
माळ्यापासून बांधापर्यंत चाळीस पावलं,
बांधापासून ओहळापर्यंत नव्वद,
पलीकडे काजूच्या उतारावर, जिथं ती चांदण्यात
थांबून आमच्याकडे बघत राहतात, तिथवर
तीनशे दहा.
माझी पावलं. विशांतची नव्हेत.

त्यानं फडकं अंथरलं, एकेक मांडली.
बावीसची हलकी. "डुक्कर हिला डास समजेल."
तीनशेपंधराची, जाड नळीची.
"ही तापली तरी वाकडं बोलत नाही."
दस्ता अक्रोडाचा. मी विचारलं, पावसात फुगतो?
फुगला तर नळीला टेकेल,
टेकला तर गोळी हातभर सरकेल तिथं, उतारावर.
तो पहिल्यांदा हसला. कोणी शिकवलं?
कोणी नाही. आमचं मागचं दार
आषाढात चौकटीला असंच टेकतं.

बोल्ट मागे ओढला, पुढे सारला, खाली दाबला.
गोठ्याची खीळ बसावी तसा आवाज.
तीन बंदुकांचे तीन आवाज, डोळे मिटून ऐकले.
एकीत वाळूचा कण होता कुठेतरी, जन्मापासूनचा.
ती बाजूला.
मग चाप. एकीचा रहाटासारखा, ओढतच नेणारा.
एकीचा असा, की आपण ठरवण्याआधीच सुटेल.
मला मधला हवा होता,
नको म्हणायला जागा असलेला.

मग दुर्बीण. नळीवर चढवण्याआधी
नुसतीच दिली हातात. "बाहेर बघ. लांब."
रस्त्यापलीकडे, बांधकामाच्या तिसऱ्या मजल्यावर
एक गवंडी विटांवर बसून पाव मोडत होता.
मिशीला सिमेंट.
तळहातावरचा चुरा चिमण्यांना टाकताना ओठ हलले,
काहीतरी बोलला त्यांच्याशी.
दोन बारीक काळ्या रेघा
त्याच्या गळ्यावर एकमेकींना छेदून गेलेल्या.
मी दुर्बीण खाली ठेवली.
तो पुन्हा एवढासा झाला, कुणीही झाला.

"भारी आहे ना?" विशांत म्हणाला.
मी म्हटलं, तीनशे दहाच्या पुढे काय आहे, आठव.
तो आठवत राहिला.
दत्तुल्याची काजूभट्टी.
हंगामात तो तिथंच झोपतो.

घेतली तीच, जाड नळीची, मधल्या चापाची.
दुर्बीणही घेतली, खोटं कशाला बोलू.
पण माळा हलवला, वर, टेंबावर,
म्हणजे गोळी चुकली तरी मातीतच जाईल.
दत्तुल्याला यातलं काही सांगितलं नाही.

एकदाही झाडली नव्हती, तोवर निवडणूक लागली.
सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात.
केप्याच्या शिपायानं चापाला चिठ्ठी बांधली,
ठासणीवाल्यांच्या रांगेत उभी केली,
म्हाताऱ्यांच्या पंगतीत नवी सून असावी तशी.
मला पावती मिळाली, गुलाबी.

आता रात्र.
माळ्यावर मी, बाबांचा तेलाचा डबा, आणि पळी.
खाली मुळं तुटल्याचा आवाज.
डबा वाजवते. थांबतात. पुन्हा सुरू.

दुर्बीण तेवढी घरी राहिली आहे.
ठाण्याच्या वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.
डोळ्याला लावते.
डुकरीण. मागे पाच पिल्लं, पट्ट्यापट्ट्यांची,
एकाच्या नाकाला आमची लाल माती.
रताळं दातांत धरून ती वर बघते,
थेट, रेघांच्या मधोमध.

मी पळी उचलते.