पाचवी बाटली

बाळगोंडा मगदूम, हवालदार, नऊच्या आधीच दारात.
हातात थर्मोकोलचा डबा, लाखेची मोहर,
वर सीपीआरच्या डॉक्टरांची तिरकी सही.
"मॅडम, हाड हाय. मांडीचं."
मी पावती फाडली. मोहर शाबूत, असं लिहिलं.
नाव भरमा आवटी. वय चोवीस. धंदा चांदीकाम, हुपरी.
मिळाला पंचगंगेत, इंगळीच्या बाजूला, तिसऱ्या दिवशी.
पोलिसांचं म्हणणं एका ओळीत:
पोहायला गेला, पाय घसरला.
सोबत पाण्याच्या चार बाटल्या.
नदी वरची, नदी खालची, बंधारा, ओढा.

आधी आमच्या नळाचं पाणी तपासायचं.
नाहीतर वकील विचारतो, आणि बरोबरच विचारतो.
नळात नदी असतेच थोडी.
अख्खं कोल्हापूर ती चहातून पितं.
पण पिऊन ती हाडात जात नाही.
डायटम हाडात पोचायला
पाणी फुप्फुसात शिरावं लागतं
आणि पुढं रेटायला
एक चालू हृदय लागतं.
मेलेल्याला पाण्यात टाकलं तर मगज कोरा.
शेवाळाच्या नावाखाली
मी शेवटचे ठोके शोधते.

मगज रात्रभर नायट्रिक आम्लात.
चरबी विरघळते, रक्त, आडनाव.
काच तेवढी राहते.

चारशेपट मोठं केल्यावर
एक होडी, मधोमध रेघ असलेली. एक सुई.
आणि तुटक्या साखळीच्या दोन-दोन कड्या,
कडेला बारीक दाते,
पैंजणात ओवायच्या आधी असतात तशा.
मी भिंगावरून डोळा काढला.
हा पोरगा दिवसभर कड्याच जोडायचा.
असलं काही अहवालात लिहायचं नसतं.

चारी बाटल्यांत होड्या होत्या, सुया होत्या.
कडी एकीतही नाही.

मग त्रिशला आली, पाठची बहीण.
पिशवीत सोड्याची जुनी बाटली, अर्धी भरलेली.
"चुलत्याची हीर हाय, रेंदाळच्या वाटंला.
यादीत न्हाई ती. तुमी बगा तरी."
मी म्हटलं, याला मोहर नाही, पंच नाहीत,
कायद्याच्या लेखी हे पाणीच नव्हे.
ती बाटली टेबलावर ठेवून निघून गेली.
मी ती उघडली नाही.
मगदूमला फोन मात्र केला.

तो दोन पंच घेऊन गेला. दोरीनं बाटली सोडली.
पंचनाम्यात: विहिरीस कठडा नाही,
पाणी अंदाजे बावीस फुटांवर,
लगतचा ऊस तोडून नेलेला.
परतला तेव्हा बुटांना चिखल.
"चुलता चा पाजत हुता, मॅडम. घेटला न्हाई."

पाचव्या बाटलीत कड्या होत्या.

तरी ऋतू बदलतो तशी पाण्यातली वस्ती बदलते.
नमुना सात आठवड्यांनी घेतलेला.
म्हणून मी लिहिलं, "साम्य आढळते."
"तिथंच" हा शब्द पेनाच्या टोकाशी येऊन थांबला,
त्याला तिथंच थांबवणं
हेच माझ्या पगाराचं काम.

कसबा बावड्याच्या कोर्टात वकील म्हणाले,
"बाई, आता किडे साक्ष देणार काय?"
लोक हसले. मीही हसले असते.
"किडे नाहीत. शेवाळ आहे."
"बरं, शेवाळ. ढकललं कुणी, ते दिसतं त्यात?"
"नाही."
"घसरला असेल तरी असंच दिसेल?"
"हो."
टायपिस्टनं दोन्ही शब्द सारख्याच वेगात बडवले.

बाहेर सायकल स्टँडपाशी त्रिशला उभी.
निकालाचं काही विचारलं नाही.
"हिरीत पडला तवा जित्ता हुता?"
पान तीन, परिच्छेद दोन.
"हो," मी म्हटलं.
तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"मग हाक मारली असंल त्यानं.
चुलत्याचं घर तितनं हाकंवरच हाय."