दोन रेघा

पान खुडायचं वरून तिसरं,
कोवळंही नको, निबरही नको.
नळीत घालून प्लास्टिकच्या दांडीने चेचायचं,
पट्टी बुडवायची
आणि थांबायचं. पाच मिनिटं.
एक रेघ उमटली तर साधी कपाशी.
दोन उमटल्या तर हिच्या अंगात ते आहे
ज्याच्या जोरावर ती तणनाशक पिऊनही उभी राहते.

झोडग्याच्या पुढे, डांबरी सोडून आत,
निंबाभाऊ देवऱ्यांच्या बांधावर मी उकिडवी,
खात्याची पिशवी मांडीवर, घड्याळ मोबाइलमध्ये.
समोर ठगूबाई पदराने खुरपं पुसतेय.
पुसण्यासारखी माती त्यावर नाही.

"दोन उन्यात," ती माझ्याआधी म्हणते.
"मंग काय, दिवस गयात का तिले?"
मी हसते. हसायला नको होतं,
पंचनामा आहे.

वाणाचं नाव: नाही.
पाकिटावर एक हसरी बाई, खाली कंपनीचा पत्ता नाही.
कुठून आणलं?
निंबाभाऊ वर बघतात,
चोरबीटी पावसासारखी पडते म्हणून.

तण: आहे / नाही. एवढाच रकाना.
सरीसरीत ते पिवळं होऊन आडवं झालंय.
ठगूबाई हजेरी घ्यावी तशी नावं घेते:
तांदुळका, घोळ, चिवळ, केना, दुधाणी,
झेलाबाई, मोतनबाई, सुपडाबाई...
मला जरा वेळाने कळतं
तण कुठे संपलं आणि टोळी कुठे सुरू झाली.

अकरा जणी, तीन दिवस, ह्या एका तुकड्याला.
परवा एकट्याने पंप पाठीवर घेतला,
दहाच्या आत उरकलं.
तो एकटा तिचाच नातू.

मी चेहरा पाडते.
तेव्हा ती माझ्या मराठीत येते, स्वच्छ:
"ताई, गुडघे बघा माझे.
तणाचं सुतक नाही मला.
घोळीची भाजी खाल्ली, ती काढायचीच होती म्हणून.
मजुरीचा रकाना असला तर तो भरा."

नाही असा रकाना.

वारा त्या दिवशी पूर्वेचा असावा.
बांधापलीकडे डाळिंबाची कोवळी पानं
दोरीसारखी बारीक, पिवळी.
तिथला मालक अजून आलेला नाही.
येईल.

मी नमुना चौदा पाकिटात घालते, लाख वितळवते.
तेवढ्यात ती सरीत उतरते, सहाव्या तासाला थांबते.
सगळ्या पिवळ्यात एक कुंजरू.
हिरवंगार, तुऱ्यासकट.
"ह्याला नाही लागलं. बुडवा ना ह्याचं पान."
"ही पट्टी फक्त कपाशीची, मावशी."
"मग ह्याला कोणी शिकवलं?"

मला उत्तर माहीत आहे, प्रशिक्षणात होतं,
एक आख्खी स्लाइड.
मी लाखेवर शिक्का दाबते.

ती खाली बसते. गुडघा वाजतो.
खुरप्याचं टोक मुळाच्या दोन बोटं बाजूला,
मनगट वळायच्या बेतात,
आणि तिथेच थांबून मान वळवते:

"एकना कितला दिशी, निंबा?"