जाणारं आणि येणारं

चोर्ल्याच्या चढाला, बीडाची लगडं भरलेली,
चौथ्या वळणावर तेलाचा काटा खाली बसला.
सिद्राय उडी मारून चाकाला दगड लावून आला,
म्हणाला, मामा, इंजिनला ताप चढलाय.
ताप नव्हे रे. वय.
चौऱ्याण्णवची गाडी, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षाची.
गरम झालं की आतलं तेल पाण्यागत पळतं.

म्हणून आज पिरनवाडीत, दस्तगीरच्या पत्र्याखाली.

कूलर भंगारातला. कुठल्या गाडीचा, विचारलं नाही.
पाती वाकलेली, त्यांत हुबळीकडची काळी माती
आणि एक अख्खं फुलपाखरू, वाळलेलं.
लेकीचा मोडका कंगवा घेऊन बसलो
एकेक पात सरळ करत. दुपार गेली.
ती शाळेत होती तेव्हा तिच्या केसांचा गुंता
मी कधी इतक्या धीरानं सोडवला नव्हता.

रॉकेलनं तीनदा धुतला.
पहिल्या खेपेला थाळीत काहीतरी चकाकलं.
दस्तगीरनं बोट बुडवून उन्हात धरलं:
कुणाच्या तरी बेरिंगची झीज हाय ही.
आपली आपल्याला हाय की, लोकाची कशाला आत घ्यायची?
तिसऱ्या खेपेला रॉकेल नुसतं रॉकेल आलं.

होज उद्यमबागेत करून घेतले.
मापाला सुतळी नेली होती, फिल्टरपासून जाळीपर्यंत,
आणि वर चार बोटं ढिली.
इंजिन थरथरतं, चॅसी थरथरत नाही,
दोघांच्या मधलं काही ताणून बांधायचं नसतं.

तांब्याचे वायसर जुनेच होते.
त्यानं ते चिमट्यात धरून लालभडक केले
आणि डबड्यातल्या पाण्यात सोडले. चर्र.
लोखंड असं केलं की कडक होतं, तांबं मऊ.
तीस वर्षं स्टेअरिंग धरून हे मला ठाऊक नव्हतं.
तो हसला नाही. त्याला हे त्याच्या बापानं
पान्यानं मारून शिकवलेलं.

मग घोटाळा.
दोन तोंडं, सारखीच. जाणारं कुठलं, येणारं कुठलं?
इराप्पानं सकाळीच खडूनं लिहून ठेवलं होतं, कानडीत,
त्याच्याखाली मी मराठीत, आणि आम्ही चहाला गेलो.
येऊन बघतो तर त्याचं एक अक्षर पुसलेलं, माझं दुसरं,
आणि जे उरलं ते एकमेकांशी जुळेना.
दस्तगीरला दोन्ही वाचता येत नाही.
तो भोकांसमोर उकिडवा बसला, म्हणाला,
सिद्राय, स्टॉप ओढून धर. मार सेल्फ.
काळी चिळकांडी थेट त्याच्या बनियनवर.
हे जाणारं, तो म्हणाला. पुसलंसुद्धा नाही.

कूलर आधी तेलानं भरला, मग नट आवळले.
होज जिथं घासेल तिथं जुन्या ट्यूबची पट्टी.
परत स्टॉप ओढून सेल्फ, काटा हलेपर्यंत,
मग स्टार्ट.
खाली पसरलेल्या पुठ्ठ्याकडे आम्ही चौघं
बाळंतिणीच्या दाराबाहेर थांबावं तसे बघत राहिलो.
पुठ्ठा कोरडा.

परवा गोव्याहून येताना तोच माल, तोच चढ.
काटा मध्यावर, जरा खालीच म्हणा, खरं उभा.
घाट संपवून कणकुंबीत गाडी लावली,
अंधारात बॉनेट उचलून आत हात घातला.
एक होज धरवेना.
दुसरा धरवला, तव्यावरची भाकरी
या हातावरून त्या हातावर घेतो तेवढा.
सिद्राय विचारत होता, मामा, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
थांब की जरा.