वयाने लहान दगड

बेटाचं नाव शैलाने वहीत तीन वेळा लिहिलं,
तिन्ही वेळा वेगळं.
उच्चार दोघांनाही जमत नाही,
आम्ही नुसतं ‘तिकडे’ म्हणतो.
तिकडे छत्री लागेल का. तिकडे दही मिळतं का.

नकाशात ते एवढंसं,
फोडणीतून मोहरी उडून ओट्याच्या कडेला पडावी तसं.
एकच रस्ता, बेटाला वळसा घालून पुन्हा पोस्टापाशी येणारा.
बोट मंगळवारी आणि शुक्रवारी,
समुद्राची मर्जी असेल तर.
आणि मधोमध डोंगर,
अजून धुमसणारा.

कर्वे रोडवरच्या ऑफिसात ऋतुजा नावाची मुलगी
पेनाचं टोपण चावत म्हणाली,
काका, त्यापेक्षा मोठ्या बेटांची टूर घ्या ना.
ग्रुप आहे, मॅनेजर मराठी,
चौथ्या दिवशी पुरणपोळी.
मी म्हटलं, चौथ्या दिवशी मला
गंधकाचा वास हवाय.
तिने पेन खाली ठेवलं.

शैला घरी येईपर्यंत बोलली नाही.
मग कुकर लावता लावता:
काळा दगड बघायला साडेचार लाख?
इथे काय कमी आहे?
गच्चीतून हात लांबवलास तर वेताळ टेकडी.

खरं आहे.
सगळं पुणं त्याच दगडावर बसलंय.
आपल्या सोसायटीच्या पार्किंगसाठी खोदताना
तीन महिने भांडी खडखडत होती मांडणीत.
मी म्हटलं, हा थंड झालाय.
कधी?
झाली साडेसहा कोटी वर्षं.
मग जरा उशीरच झाला म्हणायचा आपल्याला.

चौतीस वर्षं भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत
मी ट्रे मांडले.
बेसॉल्ट, नमुना क्रमांक अकरा.
मुलं यायची, उलटसुलट करून बघायची,
जर्नलात लिहायची: रंग काळा, कण बारीक,
आणि कँटीनला जायची.
संध्याकाळी मी मोजून परत ठेवायचो.
माटेबाई स्लाइड दाखवायच्या, लाल, वाहणारं काहीतरी,
तेवढ्यात प्रोजेक्टर तापून बंद पडायचा.
मी त्याच्यावर हात ठेवून बघायचो, उतरला का.
माझ्या हातातून गेलेला एकेक दगड
माझ्याहून म्हातारा,
बाईंहून, कॉलेजहून, मुळा-मुठेहून,
ज्याला ज्याला मी नावाने ओळखतो त्या सगळ्यांहून.
मला एकदा
वयाने लहान दगड बघायचाय.
आपल्या लग्नानंतर जन्मलेला.

हे मी तिला सांगितलं.
म्हणजे अर्धं सांगितलं,
मग शिट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी वहीत नवं पान.
व्हिसा, विमा, गुडघ्याचा पट्टा, दशम्या.
समोर रकमा.
एफडी मोडायची ती पेन्सिलीने, खोडता येईल अशी.
आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित:
जमीन गरम म्हणजे किती? चप्पल चालेल?

पुढे कळलं, तिथून दगड आणायचा नाही.
वाळूसुद्धा नाही, मूठभरही.
मी जरा गप्प झालो.
शैलाने तो कागद चष्मा कपाळावर सरकवून वाचला,
बँकेत कर्जाचे कागद वाचायची तसा, शेवटून वर.
आणायचा नाही असं लिहिलंय, म्हणाली.
न्यायचा नाही असं कुठंय?

रविवारी टेकडीवर, जुन्या खाणीपाशी.
ती काठावर बसून बोट करत होती,
तो नको. त्याच्या पलीकडचा. अरे, पलीकडचा.
लिंबाएवढा निघाला.
पदराने पुसून रुमालात बांधला तिने.
कोणाकडे पहिल्यांदा जाताना
रिकाम्या हाताने जाऊ नये.

काल बॅग काट्याला टांगली.
तेवीस किलो, वर दीडशे ग्रॅम.
मी रुमालाकडे बघितलं.
ती म्हणाली, हात लावू नकोस,
आणि भाकरवडीचं पाकीट बाहेर काढलं.

एवढ्यात ऋतुजाचा फोन.
काका, डोंगर परवापासून जास्तच धुमसतोय,
बोट सुटेल की नाही, आत्ता कोणीच सांगत नाही.
मी फोन धरून तसाच उभा.
म्हणजे आणखी लहान, शैला म्हणाली,
आणि पाकीट फोडलं.