हनुवटीखालचा पट्टा

हॅरल्ड ऑर्मरॉडला सगळा देश ओळखायचा,
म्हणजे तोंडओळख.
बसमध्ये बाया वळून बघत,
"तुम्ही आमच्या डोरीनच्या लग्नात होतात ना?"
तो म्हणे, "असेन, बाई. केक छान होता."

एकोणतीस वर्षं त्याने दारं उघडली.
बटलर, हमाल, तुरुंगाचा पहारेकरी,
एकदा बिशप, पण तो पाठमोरा.
आणि पोलीस. पोलीस किती, ते त्याची बायको म्यूरियल मोजायची:
बेचाळीस, त्यातले सहा साध्या कपड्यांतले.
हा दार उघडी, नायक आत येई,
आणि कॅमेरा याला उंबऱ्यावरच सोडून
नायकामागे चालू लागे.

मी तेव्हा कंटिन्युइटी लिहायचे.
कप कुठल्या हातात, सिगारेट किती जळली,
या शॉटमधला माणूस पुढच्या शॉटमध्ये
तोच राहिला पाहिजे, एवढंच माझं काम.
हॅरल्ड असला की मला सुट्टीच.
सकाळी अंगठा जिथे, तिथेच संध्याकाळी.
मिशीसुद्धा घरून आणायचा,
तंबाखूच्या डबीत, कापसात गुंडाळून.

डेप्टफर्डला, फेब्रुवारीत, एका गल्लीत काम चाललं होतं.
त्याचं वाक्य एकच:
"इथून पुढे जाता येणार नाही, साहेब."
मोठा दिवा बिघडला, चहा आला.
तो कोपऱ्यावर कप धरून उभा,
निळा डगला, उंच हेल्मेट,
सगळं आमच्या कपडेपटातलं.
तेवढ्यात सतरा नंबरमधून एक म्हातारी बाहेर आली,
पायात दोन वेगवेगळ्या सपाता.
तिने दिवे पाहिले नाहीत,
रुळांवरचा कॅमेरा पाहिला नाही,
सरळ त्याच्यापाशी आली.
"बरं झालं, तुम्ही इथेच आहात.
जरा वर येता? आमचे हे उठत नाहीयेत."

त्याने सांगायला हवं होतं.
तोंड उघडलंही त्याने, मी पाहिलं.
मग कप माझ्या हातात दिला
आणि तिच्यामागून गेला,
कुणासाठीही दार न धरता.

वीस मिनिटं.
चहावर साय धरली.
दिग्दर्शक उन्हाच्या नावाने ओरडत होता,
जे होतंच मुळी चिमूटभर.
एक शेजारीण डॉक्टरकडे धावत गेली,
तिच्यामागून हॅरल्ड आला,
खडूच्या खुणेवर उभा राहिला
आणि वाक्य म्हणाला.
"इथून पुढे जाता येणार नाही, साहेब."

नायक आपली ओळ विसरला.
कुणीच काही बोललं नाही बराच वेळ.

मी वहीत लिहिलं:
हनुवटीखालचा पट्टा सुटलेला. आधीशी जुळत नाही.
टेक बाद.
पट्टा लावून पुन्हा घेतला, तो बरा होता.
चित्रपटात तोच आहे.

म्यूरियलने पुढे कधीतरी सांगितलं:
हेल्मेट काढल्यावर ठेवायचं कुठे, ते त्याला कळेना,
शेवटी म्हाताऱ्याच्या पायांशी, रजईवर ठेवलं.
म्हातारीने त्याचा नंबर विचारला,
ठाण्याला आभाराचं पत्र लिहायचं म्हणून.
त्याने कॉलरवरचा आकडा वाचून दाखवला.
कुठल्या ठाण्यात गेलं असेल ते पत्र?
आणि त्या आकड्याचा कुणी खरा माणूस असेलच,
तर तो काय म्हणाला असेल?

हॅरल्ड गेला तेव्हा पेपरात अडीच ओळी आल्या,
फोटो दुसऱ्याच नटाचा.
म्यूरियल हसली, मग पेपर घडी करून
चुलीजवळच्या टोपलीत टाकला.

तो चित्रपट अजून लागतो, रविवारी दुपारी.
त्याच्या वाक्याला मी स्वयंपाकघरातून बाहेर येते.
पट्टा लावलेला आहे, अंगठा जागेवर आहे.
पण त्याच्या खांद्यामागे, सतरा नंबरच्या वरच्या खिडकीत,
एका शॉटमध्ये पडदा उघडा
आणि पुढच्याच शॉटमध्ये ओढलेला.

ही चूक माझी.
मी पट्ट्याकडे बघत होते.