गाढवाचं पोट

लिमात मे महिन्यात आभाळ खाली उतरतं
ते नोव्हेंबरपर्यंत हलत नाही.
लोक त्याला गाढवाचं पोट म्हणतात :
करडं, दमट, धड पाऊसही न देणारं.

घड्याळं दुरुस्त करणारा फ्लोरेन्सिओ
तरी रोज गच्चीवर जातो,
दुर्बिणीवरचं कांबळं काढतो,
आरशाला बुरशी धरली का बघतो
आणि वहीत लिहितो :
१४ जून. काही नाही.
१५ जून. काही नाही. कोंबडीच्या दुकानाचा दिवा ढगावर नारिंगी.
१६ जूनला नुसती एक रेघ.

नात विचारते, शनीला खरंच कडं असतं?
फेब्रुवारीत दाखवतो, तो म्हणतो.
गेल्या फेब्रुवारीत दाखवणारच होता,
पण ती झोपली होती.

ऑगस्टमध्ये शेवटी डोंगराची बस धरली.
दुर्बीण दोघांच्या मांडीवर आडवी,
वळणं, एक उलटी, पुन्हा वळणं,
आणि ढग संपला,
कुणी दार उघडावं तसा.
डोक्यावर अख्खा वृश्चिक.

तो स्क्रू पिळत बसला.
नेलिदा मात्र कठड्यावरून खालीच बघत राहिली :
शहराच्या दिव्यांनी आतून उजळलेली
मऊ, लांबलचक, झोपलेली.
"आजोबा, ही त्याची पाठ!"

वहीत आहे :
९ ऑगस्ट. गाढवाची पाठ दिसली.
शनी राहिला.