मधमाश्यांना कळवलेलं नाही

विनेमक्का, नेवाडा. सकाळचे पावणेसहा.
घड्याळात माझे चौदा तास संपले,
त्यातले चार वास्कोच्या बागेत, बिघडलेल्या फोर्कलिफ्टकडे बघण्यात.
मागे जाळीखाली चारशे आठ पेट्या,
बदामाच्या झाडांकडून उत्तर डकोटाच्या क्लोव्हरकडे निघालेल्या.

कोर्लिस फोनवर म्हणाली, सॉल्ट लेकपर्यंत ओढ, हार्लन,
साडेपाच तासांचा तर प्रश्न आहे, लॉगचं मी बघते.
मी म्हणालो, लॉगचं तू बघशील,
रस्त्याचं कोण बघणार? मला आत्ता दोन दोन दिसतायत.
ती गप्प झाली. मागे कुणाचा तरी कॉफीचा कप वाजला.

सात वाजता टॅब्लेटवर दोन ओळी:
सेवा समाप्त. किल्ली डाव्या पुढच्या चाकावर ठेवा.
दुसरा ड्रायव्हर तीनपर्यंत पोचेल.

दुधातली माशी काढावी तसं काढलं.

मी आधी फोटो काढले. संदेशाचा, मीटरचा,
आठराही टायरांचा, जाळीला मधे पडलेल्या भोकाचा.
बावीस वर्षांत एवढं तरी शिकलोय:
ज्याच्याकडे कागद नाही तो खोटा.
मग चादर, तवा, बहिणीनं दिलेला रेडिओ
दोन काळ्या पिशव्यांत भरून खाली उतरलो,
आणि उतरल्यावर लक्षात आलं,
आता हा ट्रक एक फूट सावलीत घेतला
तरी ती चोरी.

साडेनऊला जाळीचा आवाज बदलला.
ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. पातेलं उकळायच्या आधी
तळाशी जसं काहीतरी धरतं, तसा.
मधमाश्यांना कळवलेलं नाही
की मी आता त्यांचा कुणी नाही.

ट्विला गल्ल्यावर होती. मी पाइप मागितला.
तिनं पिशव्या पाहिल्या, मला पाहिलं,
म्हणाली, कामावरून काढलं ना? मग कशाला?
मला उत्तर आलं नाही.
ती म्हणाली, नळ मागच्या बाजूला आहे, उलटा फिरतो.

माझ्या हक्कांची यादी मला पाठ आहे:
तोडलेला पगार, घरापर्यंतचं भाडं,
आणि झोपेत गाडी चालवायला नकार दिला म्हणून काढता येत नाही, हेसुद्धा.
ते मी लिहीन, योग्य ठिकाणी पाठवीन, भांडीन.
पाण्याबद्दल मात्र कुठेच काही लिहिलेलं नाही,
म्हणून मी मारत राहिलो,
दहा, अकरा, बारा,
डाव्या बाजूनं सुरू करून उजवीकडे, परत डावीकडे,
कॉलरमध्ये दोन डंख, एक पापणीवर.
शेजारच्या कोंबड्यांच्या ट्रकवाल्यानं काच वर केली.
कोर्लिसनं फोन केला, मी उचलला नाही,
हात ओले होते.

युसेबियो पावणेचारला आला. पोरगा, पंचवीसचा असेल,
माझ्याकडे बघताना त्याची मान खाली,
जणू त्यानंच मला काढलं.
मी त्याला भोक दाखवलं, चिकटपट्टी दिली,
सांगितलं, वेल्सच्या चढाला गरम होतं, तिथे थांबू नकोस,
थांबायचंच असेल तर अंधार पडल्यावर,
आणि दिवे लावू नकोस, दिव्याकडे येतात.
त्यानं विचारलं, तुम्ही कसे जाणार?
मी म्हणालो, ते त्यांनी लिहिलेलं नाही.

ट्रक गेला. जिथे उभा होता तिथे ओला आयत,
त्यात शंभर-दीडशे मेलेल्या.
आणि थोड्या जिवंत, मागे राहिलेल्या,
जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर,
जिथे पेटीचं दार होतं
त्या हवेत घिरट्या घालणाऱ्या.

बस रात्री अकराला आहे.
ट्विलानं एक बशी साखरपाणी बाहेर ठेवलं.
पाइप गुंडाळून मी जागेवर टांगला.